कालेवार्टांसाठी अठरा मिनिटे

नववी तालीम गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत, कॅन्टीनमध्येच झाली. वीत्सके डाइकेमा पडद्याशेजारी उभी राहून बोलत होती आणि समोर जुळणी विभागातली नऊ माणसे चीज लावलेला पाव चावत ऐकत होती. कुणी पाय लांब सोडले होते, कुणी ताकाचा पुडा तसाच तोंडाला लावला होता. बोलणे संपले तेव्हा वीत्सकेने घड्याळ पाहिले. अठरा मिनिटे. पहिल्या तालमीला हेच बोलणे त्रेचाळीस मिनिटांचे होते.

“बरं,” ती म्हणाली. “बोला आता.”

तसे सांगायची गरज नव्हती. एम्मेलोर्डच्या या कारखान्यात कुणाला काही वाटले आणि त्याने ते पोटात ठेवले, असे सहसा घडत नसे. मनात येईल ते समोरच्याच्या तोंडावर सांगणे म्हणजे त्याला मान देणे, अशी समुद्र हटवून काढलेल्या या पोल्डरातल्या लोकांची पक्की समजूत. नवा कोट घालून आलात तर तो तुम्हाला शोभत नाही हे दारातच कळते, आणि सांगणारा वर तुमच्यासाठी कॉफीही ओततो. मालक गेरब्रांड टेर्पस्त्रा, पण त्यालाही सगळे नावाने हाक मारत आणि ‘तू’च म्हणत.

“‘खरं म्हणजे’ हे तू सहा वेळा म्हणालीस,” हार्मेन म्हणाला. हा जुळणीतला सर्वांत जुना माणूस, एकसष्ट वर्षांचा. “मी मोजलं. बाकीचं सगळं खोटं आहे का?”

“आणि तो डावा हात,” लुब्बर्ट म्हणाला. “माशा हाकलतेस का?”

“चौथ्या स्लाइडला मला झोप आली,” जुळणीचे कोठार सांभाळणारी औक्ये म्हणाली. “पण मला जेवल्यावर कशानंही येते, तेव्हा ते धरू नकोस.”

वीत्सकेने सगळे लिहून घेतले. खरं म्हणजे, हात, चौथी. तिचे वय चोपन्न, त्यातली सव्वीस वर्षे बटाटे निवडणारी यंत्रे विकण्यात गेलेली. यंत्राच्या पट्ट्यावरून बटाट्याचे चिरलेले तुकडे धावतात, वरचे कॅमेरे त्यातला डाग टिपतात आणि हवेच्या फुंकरीने तेवढाच तुकडा बाजूला उडवतात. यंत्र एकच, पण ते सांगायची तऱ्हा ती दर वेळी नव्याने बेतायची. जर्मनांसमोर तक्ते आधी आणि विनोद नाहीच. डेन्मार्कला तिसऱ्या मिनिटाला लोक हसले पाहिजेत. फ्रीसलँडच्या शेतकऱ्यांसमोर जितके कमी बोलाल तितके बरे. शिंप्याने गिऱ्हाईक बघून कापड कापावे तसे तिचे चालायचे, आणि यात तिचा हात धरणारे कुणी नव्हते. हल्ली मात्र तिला या कापाकापीचा कंटाळा आला होता. कंटाळा तरी कसला, शीणच. नवरा म्हणाला होता, काल झोपेत तू दोनदा ‘पुढची स्लाइड’ म्हणालीस.

“सातवी मी काढणार आहे,” ती म्हणाली.

एकच गलका झाला. सातवी स्लाइड ही या नऊ जणांची लाडकी होती, कारण ती त्यांनी स्वतः केलेली. बेल्जियममधल्या ज्या कालेवार्ट कुटुंबाला यंत्र विकायचे होते, त्यांच्याच कारखान्याची गोठवलेल्या फ्राइजची पिशवी लुब्बर्टने दुकानातून आणली होती. मग एका शनिवारी सगळ्यांनी मिळून या टेबलावर ती ओतली, एकेक तुकडा तपासला आणि फोटो काढला. एकशे अठ्ठ्याऐंशी तुकडे, त्यातले अकरा काळ्या डागांचे. वर मोठ्या अक्षरात मथळा: ‘हे तुम्ही आज विकता.’

“का काढायची?” हार्मेनने विचारले. “खरं नाहीये का ते?”

“खरंच आहे.”

“मग?”

“त्यांच्याच घरात जाऊन त्यांच्याच ताटातला केस दाखवायचा, असं आहे ते. तिकडच्या फ्लेमिश लोकांना नाही आवडत.”

“केस असेल तर दाखवायला नको?” लुब्बर्ट म्हणाला. “मला तर कुणी दाखवला तर बरं वाटेल.”

“तुला वाटेल रे. तुझ्यासाठी नाहीये ते.”

“भाषा तीच बोलतात की आपली,” मागून गेरब्रांड म्हणाला. तो दाराला टेकून उभा होता, हातात पाव. “चिनी माणसं असती तर मी समजू शकलो असतो. सातवी राहू दे, वीत्सके. तीच सगळ्यात भारी आहे.”

भाषा तीच. इथेच तर घोडे पेंड खात होते. चार वर्षांपूर्वी तिकडच्याच एका कारखान्यात वीत्सके अशीच गेली होती. बोलणे संपल्यावर तिथला मालक म्हणाला, “फारच छान, फारच रंजक. आम्ही नक्की बघू.” तिने ते शब्द जसेच्या तसे घरी आणले, आणि एम्मेलोर्डात केक कापला गेला. सात महिने वाट पाहिली. मग एका ट्रकवाल्याकडून कळले की तिथे वसंत ऋतूपासून दुसऱ्याच कुणाचे यंत्र चालू आहे. ‘नक्की बघू’ म्हणजे तिकडे ‘नाही’, हे तिला त्या दिवशी समजले. कारखान्यात कुणालाच ते पटले नाही. नाही तर नाही म्हणायचे, बघू कशाला म्हणायचे, असा त्यांचा सरळ हिशेब.

“आणि एक,” ती म्हणाली. “बारा वाजता ते जेवायला नेतील. दोन तास, अडीच तास, जितकं लागेल तितकं. आपण जायचं.”

“अडीच तास जेवायचं?” गेरब्रांड हसला. “त्यांना बटाटे निवडायचेत की सूप?”

सगळे हसले, वीत्सकेही थोडी हसली. तिच्यात पुन्हा भांडायची ताकद उरली नव्हती. घंटा झाली, माणसे डबे मिटून उठली. जाता जाता हार्मेन तिच्याजवळ थांबला.

“आठव्या तालमीपेक्षा बरं होतं,” तो म्हणाला. त्याच्याकडून ही मोठीच शाबासकी होती. “उद्या किती वाजता निघताय?”

“पाचला.”

“मग आज लवकर झोप. भुतासारखी दिसतेस.”

ती त्यांच्या पाठमोऱ्या रांगेकडे बघत राहिली. सप्टेंबरमध्ये गेरब्रांडने तिला ऑफिसात बोलावून दार लावून घेतले होते. ते दार कधी लागत नसे, त्यामुळे ती तेव्हाच घाबरली. तो म्हणाला, हिवाळ्यासाठी एकही काम हाताशी नाही. कालेवार्टांनी यंत्र घेतले तर वर्षभराचे काम मिळेल. नाही घेतले तर जानेवारीत जुळणी विभाग बंद. नऊच्या नऊ माणसे घरी. मग त्याने तिच्याकडून वचन घेतले की हे बाहेर बोलायचे नाही. सगळे तोंडावर सांगणाऱ्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा काही लपवले आणि अर्धे ओझे तिच्या डोक्यावर दिले. तेव्हापासून ती ज्यांच्यासाठी जीव तोडून बोलत होती, त्यांच्याचसमोर उभी राहून तालमी करत होती. ते पाव खात तिचे चुकलेले शब्द मोजत होते, आणि त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न त्याच शब्दांवर टांगला आहे हे फक्त तिला ठाऊक होते. अशा वेळी हात नको तिथे हलणारच.

शुक्रवारी पहाटे पाचला गेरब्रांड तिच्या दारात आला. गाडी ती चालवणार होती. तिला दुसऱ्याच्या शेजारी बसवत नसे. मागच्या सीटवर त्याची कापडी पिशवी होती आणि पिशवीच्या तोंडातून डब्याचे निळे झाकण दिसत होते. तिने ते पाहिले. डबा कशाला, असे तेव्हाच विचारायला हवे होते. पण तिच्या डोक्यात दुसऱ्या स्लाइडचे पहिले वाक्य घोळत होते, पुन्हा वाद सुरू करायचे जिवावर आले होते, आणि तिने गाडी सुरू केली. नंतर कितीतरी दिवस तिने स्वतःला यासाठी बोल लावला.

साडेतीनशे किलोमीटर धुके होते, गाडी रांगत राहिली आणि पोहोचायला अकरा वाजले. बेल्जियममधल्या रूसेलारेच्या अलीकडे, कोबीच्या शेतांच्या मधोमध, कालेवार्टांचा कारखाना उभा होता. अंगणातच तळलेल्या बटाट्याचा वास येत होता.

लीव्हन कालेवार्ट दारापर्यंत आला. पन्नाशीचा, नीटनेटका, थोडा वाकून बोलणारा माणूस. आत त्याची आई बसली होती, गोदलीव, वय एक्याऐंशी, मांडीवर पर्स. हा कारखाना नवऱ्याच्या मागे तिने वाढवलेला. उत्पादन सांभाळणारा स्टेफान उभा राहिला आणि त्याने खुर्ची ओढून दिली.

“प्रवास कसा झाला तुमचा? धुकं फार होतं का?” लीव्हनने विचारले.

मग पंचवीस मिनिटे धुके झाले, रस्त्याची कामे झाली, कॉफीबरोबरची बिस्किटे कुठल्या बेकरीतली ते झाले. वीत्सके मनापासून उत्तरे देत होती. गेरब्रांडने मात्र दोनदा घड्याळ पाहिले, तेही लपवून नव्हे.

“लीव्हन, तुझा वेळ फुकट घालवायला आम्ही आलो नाही,” तो शेवटी म्हणाला. “करूया का सुरू?”

‘तू’ म्हटल्यावर गोदलीवबाईंनी पर्सचा पट्टा थोडा सारखा केला. लीव्हन हसून म्हणाला, “अगदी, अगदी. करा ना तुम्ही.”

आणि वीत्सके चांगली बोलली. हे सांगितलेच पाहिजे, कारण पुढे जे झाले त्यात तिच्या बोलण्याचा दोष नव्हता. एकही ‘खरं म्हणजे’ आले नाही. डावा हात तिने खिशात ठेवला. चौथी स्लाइड एका मिनिटात उरकली. स्टेफान पुढे सरकून बसला, त्याने पेन काढले, पट्ट्याच्या वेगाबद्दल विचारले, आणि तिच्या उत्तरावर त्याची मान आपोआप हलली. सहावी संपली. तिने बटण दोनदा दाबले आणि आठवी पडद्यावर आणली.

“वीत्सके, एक राहिली,” गेरब्रांड म्हणाला.

“असू दे, पुढे तेच आहे.”

“नाही, नाही, ती महत्त्वाची आहे. मागे घे.”

खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते. तिने मागे घेतली. एकशे अठ्ठ्याऐंशी तुकडे, अकरा काळे, लाल वर्तुळात. गेरब्रांड उठून पडद्याजवळ गेला आणि त्याने बोटाने एकेक वर्तुळ दाखवले, कौतुकाने, घरच्या मुलांचे चित्र दाखवावे तसे. “हे आमच्या माणसांनी स्वतः मोजलंय,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखर अभिमान होता. त्याला यात अपमान कुठे आहे हे दिसतच नव्हते; ज्याने त्याला त्याची चूक दाखवली, त्याच्याशी त्याने जन्मभर मैत्री केली होती.

स्टेफानची मान कानापर्यंत लाल झाली. त्याने पेनाला टोपण लावले.

“किती बारकाईनं पाहिलंत तुम्ही,” लीव्हन म्हणाला.

“म्हटलं ना!” गेरब्रांड वीत्सकेला म्हणाला.

अठराची एकवीस मिनिटे झाली. शेवटी लीव्हनने हात जुळवले. “फारच छान. फारच रंजक होतं. आम्ही हे नक्की बघू.” वीत्सके खाली बसली. गेरब्रांड मात्र दिव्यासारखा उजळला.

पण अजून सगळे संपले नव्हते. लीव्हन उठला आणि म्हणाला, “बारा वाजतायत. जवळच टेबल सांगून ठेवलंय. आईनं कालच निरोप दिला होता, बिअरमध्ये शिजवलेला ससा करतात तिथे. चला, निवांत जेवू.” त्याने आईचा कोट उचलला. गोदलीवबाई गेरब्रांडकडे बघत होत्या, पहिल्यांदाच सरळ.

आता तरी, वीत्सके मनात म्हणाली. देवा, आता तरी.

“छे छे, एवढा थाट कशाला?” गेरब्रांड म्हणाला आणि त्याने पिशवीतून निळा डबा काढून टेबलावर ठेवला. “आम्ही आमचं आणलंय. पाच मिनिटांत खाऊन होईल. तेवढ्यात तू आकडे बघ, साडेबाराला परत बसू. उगाच कुणी म्हणायला नको की टेर्पस्त्रानं सूप पिऊन यंत्र विकलं.”

हा त्याचा विनोद होता, आणि त्याचे तत्त्वही होते. गिऱ्हाइकाचे जेवण घेतले की माणूस मिंधा होतो, असे तो मानायचा. एम्मेलोर्डात त्याला लोक यासाठी नावाजत. इथे कुणी हसले नाही. गोदलीवबाईंनी कोटाच्या बाहीत हात घातला.

“जसं तुम्हाला सोयीचं,” लीव्हन म्हणाला.

“मी येते,” वीत्सके म्हणाली. “मला आवडेल.”

गेरब्रांडने तिच्याकडे आश्चर्याने पाहिले, मग खांदे उडवले आणि डबा उघडला.

जेवायला पावणेतीन तास लागले. त्यात यंत्राचा एकदाही उल्लेख झाला नाही. सूप आले, ससा आला, अर्थातच फ्राइज आल्या. स्टेफानने तिच्या वडिलांबद्दल विचारले. ते पोल्डरात पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी होते, आणि तेव्हा तिथे झाड म्हणून नव्हते, असे तिने सांगितले. लीव्हनला नवल वाटले. तिचा नवरा काय करतो, स्वयंपाक कोण करते, सगळे चौकशीत आले. वीत्सके कित्येक महिन्यांनी दुपारचे गरम जेवत होती. तिला इतके बरे वाटले की रडू येईल असे वाटले, आणि इतकी झोप आली की काटा हातातून सुटला. ही माणसे तिला आवडली. त्यामुळे सगळे आणखीच अवघड झाले.

कॉफीच्या वेळी लीव्हन आणि स्टेफान बाहेर गेले, एक सिगारेट ओढायला. गोदलीवबाईंनी साखरेचा खडा चमच्यावर धरला.

“यंत्र चांगलंय हो तुमचं,” त्या म्हणाल्या. “स्टेफानला दुसऱ्या चित्रातच कळलं.”

“मग, मदाम?”

“यंत्र वीस वर्षं राहतं, पोरी. आणि बंद पडतं कधी? ईस्टरच्या दिवशी. नातवाच्या लग्नात. तेव्हा लीव्हनला एका माणसाला फोन करावा लागणार. तो माणूस कसा जेवतो, तेवढं मला बघायचं होतं.” त्यांनी खडा कॉफीत सोडला. “आमच्याकडे कधी कुणी डबा घेऊन आलं नव्हतं.”

“तो वाईट माणूस नाही,” वीत्सके म्हणाली. “ईस्टरच्या पहाटेही तो स्वतः गाडी काढून येईल. सगळ्यात आधी तोच येईल.”

“असेल. पण ते मला कसं कळणार?”

वीत्सकेला आता आडवळण जमेना. ती शेवटी एम्मेलोर्डचीच. “म्हणजे नाही, असंच ना?”

म्हाताऱ्या बाईंनी आपला सुरकुतलेला हात तिच्या हातावर ठेवला. “नाही कशाला म्हणू मी तुम्हाला? आम्ही नक्की बघू.”

तेव्हा ते तिच्या ओठांवर आले. नऊ माणसे आहेत. हार्मेन एकसष्टचा आहे, त्याला आता कोण घेणार. औक्येच्या घरी ती एकटीच कमावते. हे सांगितले असते तर या बाईंनी ऐकले असते, कदाचित फक्त हेच ऐकले असते. पण ज्यांची गोष्ट त्यांनाच माहीत नाही, ती परक्या टेबलावर कशी मांडायची? तिने वचन दिले होते. तिने कॉफी संपवली, कोट घातला आणि जेवणाबद्दल आभार मानले.

गेरब्रांड गाडीजवळ वाट बघत उभा होता, थंडीने नाक लाल, चेहरा खुललेला.

“तुझं जेवण आहे की बारसं?” तो म्हणाला. “ते जाऊ दे. मी साडेबारालाच हार्मेनला फोन केला. म्हटलं, काम झाल्यात जमा आहे, केक आणा. औक्ये गेलीसुद्धा आणायला.”

वीत्सकेने चावी हातात धरली आणि काही क्षण ती गाडीच्या छताकडे बघत राहिली. मग आत बसून तिने गाडी काढली. गेंटच्या अलीकडे मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत ती बोलली नाही. तो बोलत होता: जानेवारीत पोलाद किती मागवायचे, लुब्बर्टला पुढे बेल्जियमला यंत्र बसवायला पाठवू का.

“गेरब्रांड,” ती म्हणाली. “ते नाही म्हणालेत.”

“कधी? नक्की बघू म्हणाला तो. माझ्या समोर म्हणाला.”

“तेच त्यांचं ‘नाही’. म्हातारीनं मला सांगितलं. तुझ्याबरोबर त्यांना जेवायचं होतं. तू जेवला नाहीस.”

तो हसायला गेला, तिचा चेहरा पाहून थांबला. “जेवलो नाही म्हणून?” त्याने एकदा विचारले. आणि मग, पुलाजवळ: “मग म्हणाला का नाही तसं? एवढं तोंड आहे त्याला.” तिला त्याचा राग आला होता, भयंकर राग, आणि तितकीच कीवही येत होती. स्वतःचा राग तर त्याहून जास्त, कारण निळे झाकण तिने पहाटे पाहिले होते.

तेवढ्यात गाडीतला फोन वाजला. पडद्यावर ‘जुळणी’ असे नाव. गेरब्रांडने हात पुढे केला आणि मागे घेतला. चार वेळा वाजल्यावर वीत्सकेने बटण दाबले.

“काय रे, कुठे आहात?” हार्मेनचा आवाज गाडीभर झाला. मागे बशांचा खणखणाट आणि हसणे. “केक समोर आहे, लुब्बर्ट बोट घालतोय त्यात. किती वाट बघायची?”

वीत्सकेने पुढच्या थांब्याकडे गाडी वळवली आणि ट्रकांच्या रांगेमागे उभी केली. आता ती गिऱ्हाईक बघून कापड कापणार नव्हती. तिच्याकडे तेवढे उरलेच नव्हते.

“हार्मेन, मी वीत्सके बोलतेय. सगळ्यांना ऐकू येऊ दे. ऑर्डर मिळाली नाही. मिळणार नाही.”

मागचे हसणे थांबले.

“आणि दुसरं. ही ऑर्डर नसेल तर जानेवारीत जुळणी बंद होणार आहे. तुम्ही सगळे. गेरब्रांडला आणि मला सप्टेंबरपासून माहीत आहे. मी तुम्हाला सांगितलं नाही. नऊ वेळा तुमच्यासमोर उभी राहिले आणि सांगितलं नाही.”

फोन कटला असे तिला वाटले. मग हार्मेन खाकरला.

“हो,” तो म्हणाला. “माहीत आहे आम्हाला.”

“काय माहीत आहे?”

“जानेवारीचं. पोलाद औक्ये मागवते ना. सप्टेंबरात तिला जानेवारीच्या रकान्यात काही लिहू नकोस म्हणून सांगितलं गेलं. ती तेव्हाच आमच्याकडे आली. आम्ही काय मूर्ख आहोत का? नाहीतर जेवणाची सुट्टी सोडून नऊ वेळा बटाट्याची चित्रं बघायला कोण बसतं?”

वीत्सकेने कपाळ स्टिअरिंगला टेकवले. “मग बोलला का नाहीत? तुम्ही! तुम्ही तर माझ्या हाताबद्दलसुद्धा बोलता.”

“ठरवलं होतं आम्ही,” मागून औक्येचा आवाज आला. “तू आधीच इतकी दमलेली दिसायचीस. वर हे आणि कशाला.”

“आणि सातवी स्लाइड आमची होती,” लुब्बर्ट म्हणाला, त्याचा आवाज जवळ आला. “तिनंच घालवलं का, वीत्सके? खरं सांग.”

“नाही,” वीत्सके म्हणाली. हे तिचे आयुष्यातले पहिले धडधडीत खोटे, आणि ते तिला मुळीच जड गेले नाही. “ती आवडली त्यांना. किती बारकाईनं मोजलंय, म्हणाले.”

“बघ,” लुब्बर्ट कुणाला तरी म्हणाला.

“सावकाश या,” हार्मेन म्हणाला. “धुकं आहे म्हणतात.” आणि त्याने फोन ठेवला.

शेजारच्या ट्रकचा चालक खाली उतरून टायरला लाथ मारून बघत होता. गेरब्रांड मांडीवर हात ठेवून समोर पाहत बसला. तो बासष्टचा होता, पण आता त्याहून कितीतरी म्हातारा दिसत होता. वीत्सके रडत होती; तिने डोळे पुसायचे कष्ट घेतले नाहीत.

“सोमवारी मला त्यांच्यापुढे उभं राहायला हवं,” तो म्हणाला. “मला असलं बोलता येत नाही. तू ऐक. चुकलं तर सांग.”

“सांग.”

त्याने घसा साफ केला. “सध्याची बाजाराची परिस्थिती पाहता, टेर्पस्त्रा कंपनीला नाइलाजाने—”

“नको,” ती म्हणाली. “हे नको.”

तो थांबला. पुन्हा सुरुवात केली. “मित्रांनो, गेल्या अनेक वर्षांत आपण सगळ्यांनी मिळून—”

“हेही नको.”

ट्रकवाला वर चढला, गाडी सुरू करून निघून गेला.

“मी डबा घेऊन गेलो होतो,” गेरब्रांड म्हणाला. “वीत्सकेनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आणि तुमच्यापासून लपवलं. मला—” तो खिडकीकडे वळला.

वीत्सकेने यात काहीच दुरुस्ती सुचवली नाही. तिने दिवे लावले आणि गाडी रस्त्याला घेतली.